ब्लेंडर २.८० : लोक रूपामुळे आले की भरवशामुळे?

३० जुलै २०१९ रोजी ब्लेंडरची २.८० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्रिमितीय मॉडेल, अ‍ॅनिमेशन आणि रेंडरिंग (म्हणजे त्यावरून अंतिम चित्र तयार करणं) यांसाठीचं हे मुक्त सॉफ्टवेअर तोवर पंचविशीत पोचलं होतं. ते विनामूल्य होतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालत होतं आणि त्यात अख्खे लघुपट तयार झाले होते. तरीही मोठ्या स्टुडिओंच्या दारात ‘मी ब्लेंडर वापरतो’ असं सांगणाऱ्याला बहुतेक जण हौशी कलाकारांतच धरत. मग त्याच सुमाराच्या काही महिन्यांत वारं फिरलं. आवृत्ती येण्याच्या पंधरा दिवस आधी, १५ जुलैला, एपिक गेम्सने १२ लाख डॉलरचं अनुदान जाहीर केलं. युबिसॉफ्ट ही गेम कंपनी ब्लेंडरच्या विकास निधीत सामील झाली. ऑक्टोबरमध्ये एनव्हिडिया आणि एएमडी या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या, एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्याही त्याच निधीत आल्या. जपानमधल्या ‘खारा’ या अ‍ॅनिमे स्टुडिओने आपलं काम हळूहळू ब्लेंडरवर नेणार असल्याचं त्याच सुमारास सांगितलं.

ओपन-सोर्सच्या जगात एक वाद फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो, प्रोग्रॅम आतून पक्का करा, लोक आपोआप येतील, दिसण्याचं नंतर पाहू. दुसरा म्हणतो, पहिल्या भेटीत माणूस बिचकला तर आतला पक्केपणा त्याला कळणार कधी? या वादात ब्लेंडर हे तपासून पाहण्याजोगं प्रकरण आहे. मॉडेलिंगची हत्यारं, रिगिंग (पात्राला हलवता येईल असा सांगाडा बसवणं), ‘सायकल्स’ हे रेंडर इंजिन यातलं बरंचसं २.७९ मध्येही होतंच, आणि तरी माणसं आली ती २.८० नंतर. मग इंटरफेस जिंकला असं म्हणून मोकळं व्हावं का? माझं उत्तर ‘अर्धवट खरं’ असं आहे. ब्लेंडरचा जुना इंटरफेस मुळात भरवशाच्याच आड येत होता, आणि हे दोन्ही पक्षांनी नीट पाहिलं नाही.

कारखान्यातलं हत्यार

ब्लेंडर जन्मलं ते बाजारासाठी नव्हे. नेदरलँड्समधल्या निओजिओ या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत टॉन रोसेंडाल यांनी १९९४ मध्ये स्टुडिओच्या स्वतःच्या वापरासाठी ते लिहायला घेतलं. वापरणारे कलाकार आणि लिहिणारा माणूस एकाच छताखाली. काही अडलं तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारायचं. अशा ठिकाणी शिकवण्यासाठी काही बांधावं लागत नाही, फक्त वेग बघायचा असतो. म्हणून एका हाताने कीबोर्ड, दुसऱ्या हाताने माउस, प्रत्येक कामाला एक अक्षर, आणि एकमेकांवर न चढणाऱ्या खिडक्या अशी रचना झाली. सवय झालेल्या माणसाचा हात त्यावर विलक्षण वेगाने चालायचा. हे खरोखर चांगलं डिझाइन होतं, फक्त ते आतल्या माणसांसाठी होतं.

१९९८ मध्ये रोसेंडाल यांनी ‘नॉट अ नंबर’ ही कंपनी काढून ब्लेंडर बाहेर आणलं. गुंतवणूक आली, नोंदणी केलेले वापरकर्ते अडीच लाखांवर गेले, पण धंदा जमला नाही आणि २००२ च्या सुरुवातीला कंपनी बंद झाली. पुढे जे झालं ते मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात विरळाच. गुंतवणूकदारांनी एक लाख युरोंच्या बदल्यात सोर्स कोड मोकळा करायला होकार दिला. १८ जुलै २००२ ला मोहीम सुरू झाली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. १३ ऑक्टोबरला ब्लेंडर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली सर्वांचं झालं.

भरवशाचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. भरवसा म्हणजे ‘क्रॅश होत नाही’ एवढंच आपण धरतो. ज्याचं पोट त्या सॉफ्टवेअरवर आहे त्याला आणखी दोन प्रश्न असतात: माझी जुनी फाइल पाच वर्षांनी उघडेल का, आणि हे सॉफ्टवेअर तेव्हा असेल का? पहिल्यासाठी ब्लेंडरकडे एक सुंदर सोय होती. ब्लेंड फाइलमध्ये त्या फाइलच्या रचनेचं वर्णनही साठवलेलं असतं, त्यामुळे नवी आवृत्ती जुनी फाइल वाचू शकते, आणि बऱ्याचदा जुनी आवृत्तीसुद्धा नव्या फाइलमधलं तिला कळेल तेवढं उचलते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २००२ मध्येच मिळालं होतं: कंपनी बुडाली, हत्यार राहिलं. याउलट सॉफ्टइमेज. चित्रपटसृष्टीत वर्षानुवर्षं मान असलेलं हे त्रिमितीय पॅकेज ऑटोडेस्क कंपनीने २०१४ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्यावर हयात घालवलेल्या कलाकारांना नव्याने शिकायला बसावं लागलं.

म्हणजे सर्वांत खोलवरचा भरवसा ब्लेंडरकडे सतरा वर्षं होता. तरी बाहेरची माणसं आली नाहीत, कारण हा भरवसा दिसायला वर्षं जावी लागतात. नवा माणूस पाच मिनिटं देतो.

ती पाच मिनिटं

२.७९ उघडा. राखाडी खिडकी, मधोमध एक घन, बाजूला एक दिवा आणि एक कॅमेरा. घनाभोवती नारिंगी कड, म्हणजे तो निवडलेला आहे. आता दिवा निवडायचा म्हणून त्यावर डावं क्लिक करा. दिवा निवडला जात नाही. लाल-पांढऱ्या तुटक रेषांचं एक वर्तुळ उडी मारून तिथे येऊन बसतं. हा ‘थ्रीडी कर्सर’, पण नवख्याला ते कोण सांगणार? तो पुन्हा क्लिक करतो, वर्तुळ पुन्हा हलतं. निवडायचं ते उजव्या क्लिकने. गोंधळून तो कीबोर्डवरचं एखादं अक्षर दाबतो. माउस त्या क्षणी ज्या चौकटीवर असेल तिच्यानुसार त्या अक्षराचा अर्थ बदलतो, त्यामुळे भलतंच काही घडतं आणि काय घडलं ते त्याला कळतही नाही.

उजव्या क्लिकमागे तर्क नव्हता असं कोणी समजू नये. निवड एका बटणाला, कृती दुसऱ्याला दिली की चुकून वस्तू हलण्याची भीती कमी होते. वर्षानुवर्षं तसं काम केलेल्यांना ते आजही अधिक सुरक्षित वाटतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण बाकी सगळं जग डाव्या क्लिकने निवडत असताना एकट्या ब्लेंडरने उजव्याचा आग्रह धरला की येणारा प्रत्येक जण आधी अडखळतो, आणि तो तर्क ऐकण्याआधीच उठून जातो.

याहून बोलका नमुना बाहेर पडण्याचा. तासभर काम करून खिडकी बंद केली, तर ‘बदल सेव्ह करायचेत का?’ हे जुनं ब्लेंडर सहसा विचारतच नसे. खिडकी मिटली की काम गेलं, असंच कोणालाही वाटणार. प्रत्यक्षात काम गेलेलं नसायचं! बंद होताना ब्लेंडर गुपचूप ‘क्विट.ब्लेंड’ नावाची फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी मेन्यूतून ‘रिकव्हर लास्ट सेशन’ निवडलं की सगळं जागच्या जागी परत. जुनी मंडळी याला ब्लेंडरचा मोठेपणा म्हणत: विचारून त्रास देत नाही, आणि हरवूही देत नाही. नवख्याच्या लेखी मात्र या प्रोग्रॅमने त्याचं तासभराचं काम गिळलं होतं. तो पुन्हा उघडणार नाही, आणि उघडलंच तरी तो मेन्यू त्याला माहीत नाही. मधे लिनक्सचं यंत्र रीस्टार्ट झालं असेल, तर तात्पुरता फोल्डर रिकामा होऊन ती फाइल खरोखरच गेलेली असू शकते.

हा नमुना मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. आतली यंत्रणा काम जपत होती, पण ते जपलं जातंय हे सांगणारा एक साधा प्रश्न पडद्यावर नव्हता. मग याला इंटरफेसचा दोष म्हणायचं की भरवशाचा? प्रोग्रॅमर म्हणेल, डेटा सुरक्षित आहे, बग नाही. वापरणारा म्हणेल, यावर विसंबता येत नाही. तो निघून जातो त्या क्षणी निकाल त्याचाच लागलेला असतो.

इतकी वर्षं का लागली

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००९ ते २०११ मध्ये २.५ मालिकेत इंटरफेसचा पाया नव्याने घातला गेला. पटलं रचली, शॉर्टकट बदलता येऊ लागले, कुठलीही कृती नाव टाइप करून शोधता येऊ लागली. पुढचं सगळं त्या पायावरच उभं राहिलं, हे श्रेय त्या कामाला द्यायलाच हवं. पण उजवं क्लिक राहिलं, आणि न विचारता मिटणारी खिडकीही राहिली. २०१३ मध्ये ‘ब्लेंडर गुरू’ म्हणून ओळखले जाणारे ऑस्ट्रेलियन शिक्षक अँड्रू प्राइस यांनी इंटरफेसवर सविस्तर टीका करणाऱ्या चित्रफिती काढल्या. ज्याच्या ट्युटोरियलवर हजारो लोक शिकतात त्याला शिष्य कुठे गळतात ते दिसत असतं. त्यावर बरीच खडाजंगी झाली. ‘सोपं करायच्या नादात हत्यार बोथट कराल’ ही जुन्यांची धास्ती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

यातली खरी अडचण मला बग ट्रॅकरमध्ये, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत, दिसते. प्रोग्रॅम क्रॅश झाला की वापरणारा चिडून का होईना नोंद करतो, फाइल जोडतो, कोणीतरी ती दुरुस्त करतो. पाच मिनिटांत उठून गेलेला माणूस कसलीच नोंद करत नाही. त्यामुळे बगची यादी पाहणाऱ्याला स्थिरता हेच काम दिसतं, कारण तेवढंच लिहून आलेलं असतं. आणि निर्णय घेताना जे हजर असतात ते सगळे टिकलेले लोक, ज्यांच्या बोटांत जुने शॉर्टकट मुरलेले. बदलाची किंमत ते आज मोजणार, फायदा मात्र अजून न आलेल्यांना. ज्या प्रकल्पात जुने वापरकर्तेच अ‍ॅड-ऑन (जोडून वापरायचे छोटे प्रोग्रॅम) लिहितात, शिकवतात आणि देणग्या देतात, तिथे त्यांना दुखावणं सोपं नसतं.

काय बदललं, काय मोडलं

२०१८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘कोड क्वेस्ट’ झालं. एरवी जगभर विखुरलेले मुख्य डेव्हलपर काही महिने एका जागी बसले. खर्चासाठी रॉकेटच्या आकाराचे पेनड्राइव्ह विकून पैसे उभारले. डिझाइनच्या बाजूला विल्यम रेनिश यांचं काम मोठं होतं, आणि आंद्झेय आंब्रोझ यांनी चिन्हं नव्याने रेखाटली. डावं क्लिक निवडीसाठी आलं. उजवं हवं असेल त्यांना पहिल्यांदा उघडतानाच तो पर्याय दिला, हा मला सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. डावीकडे हत्यारांची उभी पट्टी, वरती मॉडेलिंग, स्कल्प्टिंग, अ‍ॅनिमेशन असे कामागणिक टॅब, गडद रंगसंगती. नुसत्या जागेवरून ओळखायच्या वीस लेअरच्या जागी नाव देता येणारी ‘कलेक्शन’ आली. आणि खिडकी बंद करताना सेव्ह करायचंय का, हा प्रश्न अखेर आला.

पण २.८० ला केवळ रंगरंगोटी म्हणणं चूक ठरेल. व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करताना दृश्य दिसतं ती चौकट, नव्याने लिहिला गेला आणि ‘इव्ही’ हे तत्काळ रेंडर करणारं इंजिन आलं: प्रकाश हलवला की परिणाम तिथल्या तिथे दिसतो. ही मोडतोड एरवी अंगाशी आली असती. ती आली नाही, कारण ‘स्प्रिंग’ हा लघुपट ब्लेंडरच्या स्वतःच्या स्टुडिओने २.८ घडत असतानाच त्यात पूर्ण केला. २००६ च्या ‘एलिफंट्स ड्रीम’पासूनची ही त्यांची पद्धत आहे. खरा चित्रपट, खरी मुदत, आणि मोडलं तर ओरडणारा कलाकार बाजूच्या टेबलावर. शिवाय बीटा आवृत्ती २०१८ च्या अखेरीस लोकांच्या हाती दिली आणि पक्की आवृत्ती काढायला पुढचा जुलै उजाडू दिला.

किंमत मोजावी लागलीच. अ‍ॅड-ऑन ज्याच्या आधारे ब्लेंडरशी बोलतात तो पायथन एपीआय बदलल्यामुळे जुने अ‍ॅड-ऑन चालेनात. ‘ब्लेंडर इंटर्नल’ हे जुनं रेंडर इंजिन काढून टाकलं, म्हणजे त्यावर बेतलेली जुनी फाइल उघडायची खरी, आकार सगळे जागेवर, पण मटेरियल नव्याने लावणं आलं. गेम इंजिन गेलं. ग्राफिक्स कार्डाला ओपनजीएल ३.३ या चित्र रेखाटण्याच्या मानकाची अट आली, जी जुनी कार्डं पुरी करत नसत. आपल्याकडच्या छोट्या शहरांतल्या संगणक वर्गांत दहा-बारा वर्षांची यंत्रं अजून चालवली जातात, अशा ठिकाणी तर २.८० उघडतच नसे. ज्या विद्यार्थ्याकडे पेनड्राइव्हवरून चालणारं २.७९ हेच एकमेव हत्यार होतं, त्याच्यासाठी हे नवं रूप म्हणजे बंद दार. मोठ्या सीनमध्ये अनडू संथ झाल्याची तक्रारही होती, आणि कलाकाराला दर मिनिटाला अनडू लागतं.

मग श्रेय कशाचं?

शंका काढायला जागा आहे. इव्हीचा वाटा मोठा आहे. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस २०१९ मध्ये ऑटोडेस्कच्या ‘माया’ या त्रिमितीय सॉफ्टवेअरकडून ब्लेंडरकडे वळले ते मुख्यतः इव्हीमुळे. त्यांच्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये ऑटोडेस्कने माया आणि थ्रीडीएस मॅक्सचे कायमचे परवाने विकणं थांबवून वर्गणीची पद्धत आणली होती, त्याने छोट्या स्टुडिओंचं गणित बिघडलं. यूट्यूबवरची ट्युटोरियलं होतीच.

पण आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या जागी उभं राहून पाहा. ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवाना विनामूल्य मिळतो, आणि परवाना नसलेल्या प्रतीही सर्रास फिरत आल्या आहेत. त्याच्यासाठी माया आणि ब्लेंडर दोन्हींची किंमत शून्यच. क्लास मायाचा, नोकरीच्या जाहिरातीत माया, मग फुकट असणं हे ब्लेंडरचं आकर्षण उरतच नाही. अशा ठिकाणी ब्लेंडरला जिंकायचं होतं ते पहिल्या तासातल्या अनुभवावर, आणि २.७९ तिथे हरत होतं. म्हणून इंटरफेसचा वाटा इव्हीपेक्षा कमी मानायला मी तयार नाही. इव्हीची जादू दिसायलासुद्धा आधी दिवा निवडता यायला हवा.

नुसत्या रूपावर भागतं का, याचं उत्तर दुसऱ्या एका प्रकल्पाने देऊन ठेवलं आहे. लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती ११ जानेवारी २००८ ला आली, नव्या कोऱ्या रूपात. पण बरंच काही अपुरं होतं, जुन्या सोयी गायब होत्या, डेस्कटॉप कोसळत होता. ही आवृत्ती सगळ्यांसाठी नाही असं प्रकल्पातली मंडळी सांगत होती, तरी लिनक्सचे तयार संच देणाऱ्या वितरणांनी ती लोकांच्या हाती दिली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण केडीई सोडून ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेल्याचं २००९ च्या सुरुवातीला उघडपणे सांगितलं. पुढच्या आवृत्त्यांनी केडीई छान सावरलं, पण गेलेली पत भरून यायला वर्षं लागली.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की क्रम दिसतो. केडीईने जुन्या लोकांचा रोजचा भरवसा मोडून रूप आणलं. ब्लेंडरने काही सोयी मोडल्या, पण उरलेलं स्वतः चित्रपट करून तपासून मगच हाती दिलं. आणि नवी माणसं, नवे पैसे आल्यावर ते कुठे लावले? एपिकचं अनुदान जाहीर करतानाच रोसेंडाल यांनी सांगितलं होतं की ते प्रकल्पाची घडी बसवायला आणि कोडचा दर्जा सुधारायला वापरू. नव्या लोकांबरोबर बगच्या नोंदींचा लोंढा आला, तेव्हा ‘ट्रॅकर कर्फ्यू’ जाहीर करून डेव्हलपरांनी ठरावीक वेळ फक्त त्या निपटायला दिला. जून २०२० च्या २.८३ मध्ये अनडू बराच वेगवान झाला.

त्याच २.८३ पासून ब्लेंडरने दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सुरू केल्या. त्यात दोन वर्षं नवीन काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या. पुढे २.९३, ३.३, ३.६, ४.२ अशी ती मालिका चालू राहिली. दोन वर्षांचा चित्रपट हाती असलेला स्टुडिओ एक आवृत्ती धरून बसतो, त्याचं बटण मधेच जागा बदलत नाही. घरी शिकणारी मुलगी दर काही महिन्यांनी येणारी नवी आवृत्ती उतरवते, आणि तिच्या बगच्या नोंदींवरून झालेल्या दुरुस्त्यांपैकी लागू पडतील त्या स्टुडिओच्या आवृत्तीतही जातात.